खोट्या बीजकावरची सही

ओश, ९ मार्च

मेलिस,

ज्या माणसाचा डोळा तू फोडलास तो युसूप-आका काल माझ्याकडे पँटची चेन बदलायला आला होता. मी त्याला ओळखलं, त्यानं मला ओळखलं. मी चेन बसवली, पैसे घेतले, पावती दिली. पावतीकडे बघून म्हणाला, "हे कशाला?" म्हटलं, "आता माझ्याकडे सगळ्याचीच पावती मिळते, आका." त्यानं ती चांगल्या डोळ्याजवळ नेऊन वाचली, घडी घालून टोपीत ठेवली आणि गेला.

तुरुंगात गेल्यापासून माझ्या एकाही पत्राला तू उत्तर दिलेलं नाहीस. सख्खी बहीण असून कोर्टात मी तुझ्याविरुद्ध बोलले त्याचा राग आहे तुला. असू दे. मी आजही तेच बोलेन. युसूप-आकानं झमीरला महिन्याचा हप्ता दिला नाही म्हणून तू त्याला त्याच्याच खानावळीच्या काउंटरवरून ओढून काढलंस, डोकं फरशीवर आपटलंस, आणि हाताला लागला तो लोखंडी झारा त्याच्या तोंडावर घालत राहिलास. मी दारात उभी होते, तुझ्यासाठी शिवलेला सदरा हातात घेऊन. कोर्टात काय सांगायला हवं होतं मी? की उन्हानं डोळे दिपले होते?

बरं, आता कामाचं. मी घरात शिवणं सोडलं. बाजारामागे चपलांचं जुनं दुकान होतं ना, त्याचा तळमजला भाड्यानं घेतलाय. तीन बायका आणि कापायला बेर्मेत. बेर्मेत तुला आठवणार नाही, आपल्या गल्लीच्या टोकाची, नवरा सोडून गेला ती. हात सोन्याचा आहे तिचा, तोंड मात्र तिखट.

आजवर मी दर महिन्याला ठोक कर भरून पटेंट विकत घ्यायचे. कर कचेरीच्या खिडकीत पैसे दिले की चिठ्ठी मिळते, चिठ्ठी भिंतीला लावली की कोणी काही विचारत नाही. पण प्रसूतिगृहाला बायकांचे झगे शिवून हवे होते. त्यांना बीजक लागतं, शिक्का लागतो, तिमाहीचा हिशेब लागतो. पटेंटवाल्यांना ते दारातूनच परत पाठवतात. म्हणून मी पक्की नोंदणी केली, आणि हिशेबाला वेरा-एजेला धरून आणलं. तिला मी थोरली बहीण मानते, म्हणून एजे म्हणते. वेरा पाक, कोरियन म्हातारी, रेशीम कारखान्यात आयुष्यभर हिशेब बघितलेली. नाकावर चष्मा, पिशवीत गाजराची तिखट कोशिंबीर.

पहिल्याच दिवशी तिनं माझा पैशाचा डबा टेबलावर पालथा केला. "यातले घरचे कुठले, दुकानाचे कुठले?"

"दोन्ही माझेच की."

"चूक. दुकान हा वेगळा माणूस समज. तो तुला पगार देतो. न विचारता त्याच्या खिशात हात घातलास तर ती चोरी."

"आणि कर?"

"तो पैसा तुझा कधीच नव्हता. आला त्या दिवशी बाजूला काढ. पाहुणा समज, मुक्काम करून जाणारा. पाहुण्याचं सामान कोणी विकतं का?"

मला हसू आलं. पण मेलिस, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याकडे काय आहे ते नक्की माहीत आहे. त्यानंसुद्धा झोप लागते माणसाला.

लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझी एजे,
जिपारा


ओश, २ एप्रिल

मेलिस,

काल दुकानात तुझा मित्र आला होता. झमीर.

दारात बूट काढले. फिकट रंगाचं जाकीट, केसांना पाणी लावलेलं. बसला आणि म्हणाला, "एजे, अजून तसेच बोर्सोक तळता? तुमच्या आईच्या हातचे खाऊनच तर वाढलो आम्ही." दारी आलेल्याला उपाशी धाडायचं नाही ही आईची शिकवण. मी बोर्सोक ठेवले, चहा ठेवला. खाल्ले त्यानं, चवीनं.

मग म्हणाला, "मेलिस मजेत आहे. मागे आत दोघांनी त्याला धरला होता, बरगड्या मोडल्या असत्या. आमच्या माणसांनी सोडवलं. आत जगायचं तर माणसं लागतात, एजे."

मी म्हटलं, "हप्ता मागायला आलास का?"

"छे छे. तुमच्याकडून हप्ता घेऊ? उलट मीच देईन. तुमच्याकडे शिक्का आहे, बीजकं आहेत. माझ्याकडे जाकिटं आहेत. सीमेपलीकडून येतात, त्यांना कागद नाही, आणि मोठी दुकानं कागदाशिवाय माल घेत नाहीत. तुम्ही फक्त लिहायचं की ही आम्ही शिवली. सही करायची. बास."

कोपऱ्यात वेरा-एजे बेरजा करत होती. मान वर न करता म्हणाली, "किती शिवली म्हणून लिहायचं?"

"लिहाल तितकी, आजी."

"चार मशीनवर?"

"मशीनी रात्रंदिवस चालल्या म्हणा."

"मग विजेचं बिल कुठंय? दोरा कोणाकडून घेतला? अस्तर? बटणं? बायकांना जादा मजुरी कधी दिली?" एकेका प्रश्नाला ती मण्याच्या पाटीवरचा एकेक मणी सरकवत होती. "माल तुझा, नफा तुझा. सही हिची, कर हिच्या नावावर, आणि पकडलं की तुरुंगही हिलाच. बीजक म्हणजे काय लग्नपत्रिका वाटली का रे, छापली आणि वाटली?"

झमीर हसला. खरंच हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. उठून तिच्याजवळ गेला, तिच्या नाकावरचा चष्मा दोन बोटांनी अलगद काढला आणि मधोमध मोडला. दोन्ही तुकडे तिच्या वहीवर नीट ठेवले.

"जपा, आजी. या वयात दिसेनासं झालं की जिन्यावरून पडतात माणसं."

मी नाही म्हटलं. त्याच्या तोंडावर नाही म्हटलं. बूट घालताना तो म्हणाला, "विचार करा. मेलिसला कळवतो तुमची खुशाली."

वेरा-एजेनं चष्म्याचे तुकडे रुमालात बांधले. मग तिनं सगळ्यांना कोशिंबीर वाढली.

जिपारा


ओश, ३० एप्रिल

मेलिस,

ओळी वाकड्या आल्या आहेत. डावा हात मशीनखाली आला, बोटं बांधलेली आहेत, त्यामुळे कागद धरता येत नाही. काळजीचं काही नाही. बेर्मेतपण घरी आहे, इस्त्री करताना भाजलं तिला.

झगे वेळेत पोचले. प्रसूतिगृहाच्या बाईंनी हात फिरवून पाहिले, शिवण चांगली आहे म्हणाल्या. जर्दाळू फुलून गेले. तुला जाम आणि मोजे पाठवलेत, ते तुझ्यापर्यंत येऊ देणाऱ्या साहेबांचे आभार.

जास्त लिहवत नाही.

जिपारा


ओश, २१ मे

मेलिस,

तुझं पत्र आलं. इतक्या काळानंतर तुझं पहिलं पत्र, आणि त्यात एकच ओळ. "एजे, सही कर."

मी ते टेबलावर ठेवून बघत बसले. अक्षर तुझंच. आईनं पट्टी मारमारून शिकवलेलं ते फाटे फोडलेलं अक्षर. मग वाटलं, हा आतून सही कर म्हणतोय, तर बाहेर काय झालं ते तरी याला कळू दे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आता खरं लिहिते. तुरुंगात पत्रं तपासणाऱ्या साहेबांनीही वाचावं.

भर दुपारी आले. झमीर, एक वस्तऱ्यानं तासलेल्या डोक्याचा आणि एक दार धरून उभा राहणारा. बाकीच्या दोघी जेवायला गेल्या होत्या. मी, बेर्मेत आणि मशीनवर वाकलेली म्हातारी शारापात-आपा, एवढ्याच होतो. झमीरनं बीजकांचं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. "सही करा, एजे."

मी म्हटलं, "नाही करणार."

तासलेल्या डोक्याकडे नुसतं बघितलं झमीरनं. त्या माणसानं बेर्मेतचं मनगट धरलं, इस्त्रीच्या टेबलावर तिचा हात बाहीसारखा सपाट पसरला आणि वाफेची इस्त्री त्यावर ठेवली. ठेवली, आणि दाबून धरली. मी आयुष्यभर कापडाला इस्त्री करत आलेय, मेलिस. चामडीचा वास वेगळा असतो. बेर्मेतची किंकाळी मध्येच तुटली, तिला श्वासच घेता येईना. शारापात-आपा जमिनीवर बसून डोकं आपटायला लागली.

मी सही केली. शिक्के मारले. तो म्हणेल तेवढ्या पानांवर.

मला वाटलं, संपलं. झमीरनं पुस्तक जाकिटात घातलं, कापायच्या टेबलाचा लोखंडी खण उघडला, माझा डावा हात त्यात ठेवला आणि खणाला लाथ मारली. मग खण पुन्हा उघडून पुन्हा लाथ मारली. "हे उशीर केल्याबद्दल," म्हणाला. "उजवा ठेवतो. तो सहीला लागेल."

दोन बोटं सरळ होणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. बेर्मेतच्या हाताला मांडीची कातडी काढून लावली.

आता पुढचं ऐक. मलमपट्टी झाल्यावर मी वेरा-एजेकडे गेले. म्हटलं, सही करून बसले मी. ती रडेल, निदान ओरडेल असं वाटलं होतं. तिनं पिशवी उचलली. "चल. खोटं बीजक वहीत शिळं होऊ द्यायचं नसतं."

कर कचेरीत खिडकीशी एक तरुण मुलगी होती, नखं रंगवलेली. वेरा-एजेनं अर्ज पुढे सरकवला. अमुक ते अमुक क्रमांकांची ही बीजकं खोटी, यातला माल या दुकानात शिवलाच गेला नाही, ती रद्द धरावीत.

मुलीनं दोनदा वाचलं. "तुम्ही स्वतःच्याच बीजकांविरुद्ध तक्रार करताय?"

"हो."

"असं कोणी करत नाही."

वेरा-एजे म्हणाली, "त्यासाठी रकाना आहे का?"

"रकाना आहे."

"म्हणजे करतात कोणीतरी."

"पण मग सही का केलीत?" मुलीनं मला विचारलं. मी बांधलेला हात खिडकीच्या फळीवर ठेवला. पट्टीतून रक्त आलं होतं. ती हाताकडे बघत राहिली, मग तिनं शिक्का उचलला आणि अर्जावर मारला. आवक क्रमांक टाकला. नंतर स्वतः उठून बाहेर आली आणि मला खुर्ची दिली.

तिथून आम्ही पोलिसांत गेलो. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि त्याच दिवशी झमीरच्या घरी गेले, पण तो डोंगरापलीकडे पळाला होता. त्याच्या मालाला आता कागद उरला नाही. दुकानांनी पोती परत केली म्हणे, म्हणूनच त्याच्या माणसांनी तुझ्याकडून ही ओळ लिहून घेतली असणार.

तर मेलिस, सही मी केली होती आणि मीच ती पुसली. पुन्हा करणार नाही. आज केली तर सहा महिन्यांनी तुझी दुसरी ओळ येईल, मग तिसरी. तुला आत काय होईल ते मला माहीत आहे, मी मूर्ख नाही. पण झमीरच्या भीतीनं जगवलेला भाऊ मला किती दिवस पुरेल?

मला शिव्या दे. पण जिवंत राहा.

जिपारा


ओश, १७ जून

मेलिस,

वेरा-एजेला मारलं.

ती कामाला आली नाही. ती कधी उशीर करत नाही, म्हणून दुपारी मी तिच्या घरी गेले. चौथा मजला. दुसऱ्या मजल्यावरच पायऱ्यांवर गाजरं पडलेली दिसली. मग रक्त. पायरीपायरीनं खाली ओघळून वळणावर साचलेलं. ती वरच्या वळणावर पालथी होती. पाइपनं मारलं म्हणतात पोलीस. डोक्याची एक बाजू आत गेली होती, कान जागेवर नव्हता. नवा चष्मा तसाच, काचेला तडासुद्धा नाही. मी तिला सरळ केलं तर तिनं माझी बाही धरली. एवढ्याशा म्हातारीच्या हातात एवढा जोर. सोडेना. रुग्णवाहिकेत माझी बाही कापावी लागली.

दवाखान्यात ती बोलत होती, पण कोरियन भाषेत. आम्हा कोणाला एक शब्द कळत नव्हता. डॉक्टरांनी बाजारातून कोशिंबीर विकणारी एक कोरियन बाई आणली. तिनं कान लावला आणि म्हणाली, "लहानपणीचं बोलतेय. आईला सांगतेय की पाण्याला मी जाते." तिची मुलगी ताश्कंदहून पोचली तोवर बोलणं थांबलं होतं.

पुरायला आम्ही सगळ्या गेलो. बेर्मेतनं भाजलेल्या हातानं माती टाकली. युसूप-आकाही आला. जाताना मला म्हणाला, "दुकान बंद कर, मुली. मी एक डोळा देऊन वाचलो. तुझ्याकडे द्यायला काय काय शिल्लक आहे?"

दुकानात परत आले आणि वेरा-एजेच्या टेबलाशी बसले. तिचं उघडं पान तसंच होतं, बेरीज अर्धी. मी ती पुरी केली. जुळली नाही. पुन्हा केली, तरी जुळली नाही. आकड्यांवर डोकं ठेवून मी ओरडले, मेलिस. शब्द नव्हते त्यात काही. बेर्मेत आली, पाठीवर एक गुद्दा मारला आणि म्हणाली, "पाचाचे तीन केलेत तुम्ही. इथं. बघा."

मागच्या महिन्याचं कराचं विवरण मी एकटीनं भरलं. त्या नखं रंगवलेल्या मुलीनं बघितलं आणि विचारलं, "तुमच्याबरोबरच्या बाई?" मी सांगितलं. पाठीमागे लोक खोळंबले होते, पण तिनं खिडकी थोडा वेळ बंद केली.

तिनं खिडकी उघडायच्या आत मी ठरवलं होतं. झमीर समोर आला तर मी त्याला मारणार. हे साहेबांनी वाचलं तरी चालेल.

जिपारा


ओश, १२ जुलै

मेलिस,

झमीर आला. सगळं ऐक.

उन्हाचा कडाका होता, दार उघडं ठेवलं होतं. तो आणि तासलेल्या डोक्याचा, दोघेच. पोलीस मागावर होते, माल जप्त झालेला, दाढी वाढलेली. आल्याबरोबर त्यानं आतून कडी घातली. तासलेल्या डोक्याच्या हातात पेट्रोलचा डबा. तो कापडाच्या गठ्ठ्यांवर ओतत सुटला. झग्यांवर, मशीनांवर, शारापात-आपाच्या मांडीवर.

झमीर म्हणाला, "एजे, मी तुमच्या घरचं मीठ खाल्लंय. म्हणून अजून एकदा विचारतो. कर कचेरीतला तो अर्ज मागे घ्या. माझा माल सुटेल, मी जातो."

"वेरा-एजेलाही विचारलं होतंस का?"

"तिला काय विचारायचं? ती मणी मोजत होती." त्यानं काडेपेटी काढली.

कोपऱ्यात विजेवर चहाची मोठी किटली उकळत होती. आम्हा सगळ्यांच्या चहाची. मी ती उचलली आणि त्याच्या तोंडावर रिकामी केली.

तो किंचाळला नाही. बैल हंबरतो तसा आवाज आला. तासलेल्या डोक्याचा माझ्यावर धावला, पण मध्ये बेर्मेत होती. कापायची मोठी कात्री तिनं त्याच्या मांडीत मुठीपर्यंत घातली आणि फिरवली. "हे इस्त्रीबद्दल," म्हणाली. तो पेट्रोलमध्ये घसरून पडला. रक्त आणि पेट्रोल एकमेकांत वाहत होतं आणि झमीरच्या हातातली काडेपेटी ओल्या जमिनीवर पडली होती. शारापात-आपानं तिच्यावर पाय ठेवला. अनवाणी पाय. तशीच उभी राहिली, दार फोडून लोक आत येईपर्यंत.

झमीर खाली पडला तेव्हा त्याचं डोकं टेबलावर आपटलं. जबडा मोडला. पोलिसांनी दोघांना नेलं.

आम्ही सगळ्या जिवंत आहोत. मशीनी वाचल्या, कापड गेलं. ते नुकसानीच्या रकान्यात जातं.

तुझी काही बातमी नाही. तुरुंगात पाठवलेली पिशवी परत आली. का परत आली ते कोणी सांगत नाही.

जिपारा


ओश, ८ ऑक्टोबर

मेलिस,

तू तुरुंगाच्या दवाखान्यात आहेस हे मला आता कळलं. तुझ्या कोठडीतल्या एकाची आई तुरुंगाबाहेर पिशव्या द्यायच्या रांगेत भेटली. तिनं सांगितलं. आतल्या झमीरच्या माणसांना तुझ्याकडून दुसरी ओळ हवी होती. कागद-पेन पुढे ठेवलं होतं. तू म्हणालास, "माझी बहीण एकदा नाही म्हणाली की नाही." मग घासून धार काढलेला चमचा तुझ्या पोटात घातला. आणि पुन्हा घातला. एक मूत्रपिंड काढावं लागलं.

मी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मला वाटत होतं, तू मला विसरला आहेस.

खटला संपला. झमीरला मोठी शिक्षा झाली, वेरा-एजेच्या खुनाची. तासलेल्या डोक्याच्यालाही. तो लंगडतो आता.

पण मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट खरी लिहिली नाही. झमीरचं डोकं टेबलावर आपटलं नव्हतं. गरम पाणी पडल्यावर तो खाली पडला, दोन्ही हात तोंडावर, आणि "पाणी, एजे, पाणी" म्हणत होता. लहानपणी दारात यायचा तसाच. माझ्या हातात लोखंडी गज आला. तो निपचित पडेपर्यंत मी मारत राहिले, नंतरही मारत राहिले. जबडा मीच मोडला. एका कानानं त्याला आता ऐकू येत नाही. बेर्मेतनं मला मागून कव घालून ओढलं, तेव्हा मी थांबले.

माझा वकील म्हणाला, "टेबलावर आपटला म्हणा. सगळ्या बायका तेच म्हणतील. बाई, तुम्हाला कोणी विचारणारसुद्धा नाही."

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "किती वेळा मारलंत?" मी म्हटलं, "आठवत नाही." तेवढ्यात तू आठवलास. तुलाही हेच विचारलं होतं, तूही हेच म्हणाला होतास, आणि मी बाकावर बसून मनात म्हटलं होतं, खोटारडा. मेलिस, खरंच आठवत नाही. हात आठवतो. हाताला आलेला तो हलकेपणा आठवतो, तो मला आवडला होता. हेही मी सांगितलं. वकिलानं कपाळाला हात लावला.

मलाही शिक्षा झाली. तुरुंग नाही, पण दर महिन्याला पोलिसांत जाऊन हजेरी लावायची, शहर सोडायचं नाही. प्रसूतिगृहानं पुढचं काम दुसऱ्याला दिलं. शिक्षा झालेल्या बाईचे झगे त्यांना चालत नाहीत. बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, रडल्या बिचाऱ्या. आता मी सुतारांचे, गवंड्यांचे कामाचे कपडे शिवते. ते विचारत नाहीत, नुसतं खिसे मजबूत करा म्हणतात.

झमीरला तुझ्याच तुरुंगात आणतील अशी भीती होती. मी अर्ज केला. उत्तरेला पाठवलं त्याला.

खात जा. एका मूत्रपिंडावर माणूस जगतो, डॉक्टरांना विचारलंय मी.

तुझी एजे


ओश, ११ फेब्रुवारी

मेलिस,

तुझी सुटका वसंतात होणार असं लिहिलंस. मी ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. पुढची तीन पानं दाखवली नाहीत, ती माझी आहेत.

आता नीट ऐक, कारण तू ऐकत नाहीस हे मला माहीत आहे.

घरी आधी जाऊ नकोस. घरी तू भिंतीकडे तोंड करून झोपशील आणि मग तुझे जुने मित्र दार वाजवतील. सरळ दुकानात ये. बेर्मेत असेल. ती तुझ्याशी बोलणार नाही. तिच्या हाताकडे बघू नकोस आणि बघत नाहीयेस असं नाटकही करू नकोस. शारापात-आपा तुला मिठी मारेल, ती सगळ्यांनाच मारते.

युसूप-आकाकडे मी तुला घेऊन जाणार नाही. तुझा तू जा, जेव्हा जाववेल तेव्हा. तो तुला आत घेईल का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारणार नाही.

काम आहे. वजन उचलवणार नाही तुला, म्हणून गठ्ठ्यांवर नंबर घालायचे, गिऱ्हाइकांना माल पोचवायचा, पावत्या आणायच्या. पगार कागदावर. कागदावर दिसेल त्यापेक्षा हातात कमी पडेल, कारण कर आणि पेन्शनचं आधी कापलं जातं. पहिल्या महिन्याला तू भांडशील. सगळेच भांडतात. मी तुला चहा देईन आणि पाकिटावरची बेरीज दाखवेन. बेरीज बरोबर असेल. मग सही कर, आणि कामाला लाग.

जिपारा